मणक्यात बसवलेले स्क्रू आणि रॉड आयुष्यभर टिकतात का?

"मणक्याचं ऑपरेशन झालं, चार स्क्रू आणि दोन रॉड टाकलेत." घरातल्या किंवा ओळखीतल्या कुणाबद्दल असं कळलं की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. स्क्रू सैल झाले तर? रॉड तुटला तर? आता आयुष्यभर वाकायचं नाही का? महागातलं टायटॅनियम घेतलं म्हणजे काळजी मिटली का?

या सगळ्या प्रश्नांमागे एक समज असतो. यापुढे पाठीचा भार त्या धातूनेच पेलायचा आहे, असं आपण गृहीत धरतो. पण स्क्रू आणि रॉड तेवढ्यासाठी बसवलेलेच नसतात. त्यांना ठरावीक काळापुरतं काम दिलेलं असतं, आणि त्या काळात खरं काम हाडाने पूर्ण करायचं असतं. हे एकदा लक्षात आलं की डॉक्टरांच्या अनेक सूचनांचा अर्थ लागतो. तंबाखू का सोडायची, रोज चालायचं पण वाकून वजन का उचलायचं नाही, हाडांची घनता आधी का तपासायची, हे सगळं त्यातूनच येतं.

फ्यूजन म्हणजे नेमकं काय?

आपल्या कण्यात मानेचे ७, पाठीचे १२ आणि कमरेचे ५ असे २४ मणके एकमेकांवर हलू शकतात. मानेचे वरचे दोन सोडले, तर दोन मणक्यांच्या मध्ये पुढच्या बाजूला चकती असते. तिलाच आपण गादी म्हणतो. मागच्या बाजूला दोन छोटे सांधे असतात.

कधी एक मणका दुसऱ्यावरून पुढे सरकतो. कधी अपघातात मणका चुरडला जातो, कधी क्षयरोगाने पोखरला जातो, कधी कणाच वाकडा वाढतो. मग दोन मणक्यांमधली हालचाल नको तेवढी किंवा नको त्या दिशेला होऊ लागते. येल विद्यापीठातले ऑगस्टस व्हाइट आणि मनोहर पंजाबी यांनी १९७८ मध्ये कण्याच्या यांत्रिकीवर ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी कण्याच्या अस्थिरतेची जी व्याख्या केली, ती आजही वापरली जाते. रोजच्या साध्या भाराखाली मणके आपापल्या जागी राहू शकत नसतील, आणि त्यामुळे मज्जारज्जूला किंवा नसांना इजा, वाढती विकृती किंवा असह्य वेदना होण्याचा धोका असेल, तर तो कणा अस्थिर समजायचा.

अशा वेळी ते दोन मणके एकमेकांना कायमचे जोडून टाकणं म्हणजे फ्यूजन. सर्जन मणक्यांचा पृष्ठभाग खरवडून तिथे हाडाचे तुकडे भरतात. हे हाड रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून किंवा ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागातून घेतात. कधी दात्याचं हाड किंवा कृत्रिम पदार्थही वापरतात. पुढच्या काही महिन्यांत त्यातून नवं हाड तयार होतं आणि दोन मणक्यांचं एकच हाड होतं. याला साधारण ६ महिने ते एक वर्ष लागतं, कधी त्याहूनही जास्त.

मग स्क्रू-रॉड कशासाठी?

मोडलेला हात जुळायचा तर तो प्लास्टरमध्ये स्थिर ठेवावा लागतो. सतत हलत राहिला तर हाड जुळत नाही. मणक्याचंही तसंच आहे. पण कण्याला बाहेरून प्लास्टर घालून आतली हालचाल पुरती थांबवता येत नाही, म्हणून आतूनच आधार द्यावा लागतो.

स्लॅब टाकताना खाली सेंटरिंग लावतात ते आठवा. ओल्या काँक्रीटचा सगळा भार त्या टेकूंवर असतो. काँक्रीट घट्ट झालं की घर स्लॅबवर उभं राहतं, टेकूंवर नाही. स्क्रू आणि रॉड हे मणक्याचं सेंटरिंग आहे. फरक इतकाच, की हाड जुळल्यावर ते काढायला पुन्हा ऑपरेशन करावं लागेल, म्हणून त्रास होत नसेल तर ते तसेच आत ठेवतात.

आणि काँक्रीट कधी घट्ट झालंच नाही तर? मग टेकू किती दिवस तग धरतील, हाच प्रश्न उरतो.

हा धडा कुठून मिळाला?

न्यूयॉर्कमध्ये १९११ साली रसेल हिब्ज आणि फ्रेड अल्बी या दोन सर्जनांनी स्वतंत्रपणे मणके जोडण्याच्या पद्धती मांडल्या. मणक्याच्या क्षयरोगाने कणा कोसळू नये, हा त्यामागचा हेतू होता. अल्बी नडगीच्या हाडाची पट्टी काढून पाठीत बसवत. त्यात धातू नव्हता. त्यामुळे हाड जुळेपर्यंत रुग्णाला दीर्घकाळ अंथरुणात किंवा प्लास्टरमध्ये राहावं लागे.

धातूचा मोठा प्रयोग अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये झाला. पोलिओच्या साथींनंतर पाठ वाकडी झालेली बरीच मुलं पॉल हॅरिंग्टन यांच्याकडे येत होती. त्यांनी स्टीलचा रॉड आणि हूक वापरून कणा सरळ करण्याची पद्धत शोधली आणि १९६२ मध्ये ती प्रसिद्ध केली. सुरुवातीच्या रुग्णांमध्ये त्यांनी मणके जोडले नव्हते, नुसता धातू बसवला होता. पाठ सरळ झाली, पण पुढे हूक निसटू लागले, रॉड मोडू लागले. मग हॅरिंग्टन यांनी रॉडच्या जोडीला फ्यूजन करायला सुरुवात केली.

तेव्हापासून मणक्याचे सर्जन या ऑपरेशनकडे एक शर्यत म्हणून पाहतात. एका बाजूला हाड जुळतंय, दुसऱ्या बाजूला धातू थकतोय. यात आधी हाड पोचायला हवं.

धातू थकतो म्हणजे काय?

तार हाताने ओढून तुटत नाही. पण तीच तार एकाच जागी मागे-पुढे वाकवत राहिलं की काही वेळात तुटते. एका झटक्यात न तुटणारी वस्तू छोट्या-छोट्या भारांनी, हजारो वेळा वाकून तुटते. इंजिनिअरिंगमध्ये याला फटीग म्हणतात. मणक्यातला रॉड बहुतेक वेळा असाच तुटतो. एखाद्या दिवशी जोर पडला म्हणून तुटला असं वाटतं, पण आतली चीर कित्येक महिन्यांपासून वाढत आलेली असते.

म्हणूनच हे सामान बाजारात येण्याआधी ज्या चाचण्यांमधून जातं, त्यात सर्वात महत्त्वाची चाचणी वारंवार वाकवण्याची असते. एएसटीएम एफ १७१७ या प्रचलित पद्धतीत मणक्यांऐवजी घट्ट पॉलिथिलीनचे दोन ठोकळे घेतात आणि त्यांच्यामधली जागा पूर्ण रिकामी ठेवतात. म्हणजे हाडाचा काहीच आधार नाही आणि सगळा भार स्क्रू-रॉडवर, अशी सर्वात वाईट परिस्थिती मुद्दाम तयार करतात. मग यंत्राने त्यावर पुन्हा पुन्हा भार देतात. ५० लाख वेळा भार देऊनही जोडणी मोडली नाही, तर त्या भाराला ती टिकली असं धरतात.

५० लाख हा आकडा मोठा वाटतो. पण माणूस दिवसात सरासरी ७ हजार वेळा पाठीवर भार घेतो असं धरलं, तर ही संख्या साधारण दोन वर्षांत पूर्ण होते. म्हणजे चाचणीचा हिशेब आयुष्यभराचा नाही. हाड जुळायला जेवढा वेळ लागतो, तेवढा काळ आणि वर थोडी सवड, एवढाच तो आहे.

हाड जुळलं की दोन मणक्यांमधली हालचाल थांबते आणि धातूचं वाकणं बरंच कमी होतं. म्हणून असे स्क्रू पुढे वीस-पंचवीस वर्षंही आत शांत बसू शकतात. हाड जुळलंच नाही, तर उत्तम प्रतीचा रॉडसुद्धा कधी ना कधी थकतो.

पाठीवर भार पडतो तरी किती?

जर्मनीतल्या उल्म विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९९ मध्ये एक मोजमाप प्रसिद्ध केलं. ४५ वर्षांच्या एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या चकतीत सेन्सर बसवून वेगवेगळ्या हालचालींत तिथला दाब मोजला होता. झोपलेल्या स्थितीतला दाब १ धरला, तर उभं राहिल्यावर तो ५ झाला. पाठ वाकवून २० किलो वजन उचलताना २३ झाला. तेच वजन गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून उचलल्यावर १७ वर आला. माणूस एकच होता, त्यामुळे हे आकडे सगळ्यांना जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण वाकून बादली उचलू नका, असं डॉक्टर का सांगतात ते यावरून कळतं.

आणि पट्टा? बर्लिनमधल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात काही रुग्णांमध्ये भार मोजून बिनतारी पद्धतीने बाहेर कळवणारे फिक्सेटर बसवले होते. कमरेला पट्टा किंवा ब्रेस लावल्याने त्या फिक्सेटरवरचा भार कमी होत नाही, असं त्यात दिसलं. पट्ट्याचे इतर उपयोग असू शकतात. तो वाकताना आठवण करून देतो, धीर देतो. पण पट्टा बांधला आहे म्हणून सिलिंडर उचलायला हरकत नाही, असा हिशेब करू नका.

स्क्रूची पकड हाडावर अवलंबून

रॉड तुटण्याआधी स्क्रू सैल होणं ही वेगळी अडचण असते. मणक्याच्या पुढच्या भरीव भागाला मागच्या कमानीशी जोडणारे दोन आखूड दांडे असतात, त्यांना पेडिकल म्हणतात. फ्रान्सच्या रेमंड रॉय-कामिय यांनी १९६० च्या दशकात याच दांड्यांतून स्क्रू घालायला सुरुवात केली. पेडिकलचं बाहेरचं हाड घट्ट असतं, म्हणून तिथे पकड चांगली मिळते. आज कमरेच्या फ्यूजनमध्ये सर्वाधिक वापर याच पद्धतीचा होतो.

पण भिंत भुसभुशीत असेल तर खिळा कितीही चांगला असून काय उपयोग? हाडं ठिसूळ झाली असतील, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस असेल, तर स्क्रू सरळ उपटून येण्यापेक्षा बहुधा दुसरंच काहीतरी होतं. प्रत्येक हालचालीबरोबर तो गाडीच्या वायपरसारखा किंचित डुलतो आणि स्वतःभोवतीची जागा मोठी करत जातो. एक्स-रेमध्ये स्क्रूभोवती काळी कड दिसते ती यामुळे.

त्यावर उपाय आहेत. जाड किंवा लांब स्क्रू वापरता येतात. दोन्ही बाजूंचे स्क्रू आतल्या दिशेला तिरके घालता येतात, म्हणजे ते सरळ बाहेर ओढले जात नाहीत. आणखी एखाद-दुसऱ्या मणक्याचा आधार घेता येतो. स्क्रूभोवती हाडाचं सिमेंट भरता येतं. पण हे सगळं आधी ठरवावं लागतं. म्हणून रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रिया, वयस्कर माणसं आणि बराच काळ स्टेरॉइड घेतलेले रुग्ण यांच्या बाबतीत ऑपरेशनपूर्वी हाडांची घनता तपासून घ्यावी.

पुढचा आधार : पिंजरा

कण्यावरचा उभा भार बहुतांश पुढच्या भागातून, म्हणजे मणक्याचं भरीव शरीर आणि चकती यांतून जातो. साधारण ८० टक्के हा आकडा नेहमी दिला जातो. चकती खराब झालेली असताना फक्त मागून स्क्रू-रॉड बसवले, तर पुढे पोकळी राहते आणि मागचा धातू जास्त वाकतो. म्हणून बऱ्याच ऑपरेशनमध्ये चकती काढून तिथे हाड भरलेला एक छोटा पिंजरा बसवतात. त्याला केज म्हणतात. पुढून टेकू मिळाला की मागच्या रॉडवरचा ताण उतरतो, आणि दाबाखाली असलेलं हाड जुळायलाही मदत होते.

या पिंजऱ्याचा उगम घोड्यांमध्ये आहे. काही घोड्यांना मानेतला मज्जारज्जू दबल्यामुळे चालताना झोकांड्या जाण्याचा आजार होतो. अमेरिकेतले अस्थिसर्जन जॉर्ज बॅगबी यांनी पशुवैद्यकांबरोबर काम करून घोड्यांच्या मानेत बसवण्यासाठी छिद्रं असलेली स्टीलची नळी तयार केली. त्याच कल्पनेवरून माणसांसाठीचा केज घडला आणि १९९६ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. पुढे २००० साली सिॲटल स्लू या प्रसिद्ध शर्यतीच्या घोड्यावरही मानेचं फ्यूजन झालं.

जास्त कडक म्हणजे जास्त चांगलं का?

रॉडची जाडी थोडी वाढवली तरी त्याचा कडकपणा खूप वाढतो, कारण तो व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. ५.५ मिलीमीटरच्या जागी ६ मिलीमीटरचा रॉड घेतला, तर तो सुमारे ४० टक्के जास्त कडक होतो. मग सगळ्यात जाड, सगळ्यात कडक रॉडच का वापरत नाहीत?

कारण हाडाला भार लागतो. जर्मन सर्जन युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलेलं तत्त्व असं, की हाड आपल्यावरच्या भारानुसार स्वतःला घडवतं. भार मिळाला तर ते बळकट होतं, नाही मिळाला तर विरळ होतं. धातूने सगळाच भार स्वतःकडे घेतला तर मधल्या हाडाला काम उरत नाही. शिवाय कडक रॉडचा जोर स्क्रूवर आणि त्याभोवतीच्या हाडावर येतो.

म्हणून साहित्याची निवड हा नेहमी तडजोडीचा विषय असतो. टायटॅनियमचा मिश्रधातू स्टीलच्या साधारण निम्म्याइतका कडक असतो, तरीही बाहेरच्या घट्ट हाडाच्या कित्येक पट कडक. पीक नावाचं प्लास्टिक हाडाहूनही लवचीक असतं, म्हणून ते केजसाठी वापरतात, पण त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर हाड टायटॅनियमइतकं चांगलं चिकटत नाही. कोबाल्ट-क्रोमचे रॉड जास्त कडक, म्हणून मोठी वाकडी पाठ सरळ करताना कामाला येतात. सगळ्यांसाठी एकच उत्तम असं साहित्य नाही. "सर्वात महागडं टाका" या सांगण्याला म्हणूनच फारसा अर्थ राहत नाही.

धातूमुळे दुखणं कमी होतं का?

सरकलेल्या मणक्यासाठी ऑपरेशन झालेल्या रुग्णांवरचा एक अमेरिकन अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. स्क्रू बसवलेल्या गटात ८२ टक्के रुग्णांचं हाड जुळलं, स्क्रू न बसवलेल्या गटात ४५ टक्के रुग्णांचं. फरक मोठा होता. पण दोन वर्षांनी किती जणांना चांगला आराम मिळाला हे पाहिलं, तर दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता.

मग स्क्रू व्यर्थ? गोष्ट इथे संपत नाही. स्क्रू न बसवलेल्या रुग्णांना ५ ते १४ वर्षांनी पुन्हा तपासलं आणि ते निष्कर्ष २००४ मध्ये आले. ज्यांचं हाड पक्कं जुळलं होतं, त्यांच्यापैकी ८६ टक्के लोकांची स्थिती चांगली किंवा उत्तम होती. ज्यांचं जुळलं नव्हतं, त्यांच्यात हे प्रमाण ५६ टक्के होतं. म्हणजे दूरवर फायदा जुळलेल्या हाडाने दिला, आणि स्क्रूचा उपयोग ते जुळण्याची शक्यता वाढवण्यात आहे.

आणखी एक गोष्ट. फ्यूजन प्रत्येकाला लागतंच असं नाही. नस दबल्यामुळे पाय दुखत असतील, तर काही रुग्णांना फक्त नस मोकळी करून पुरतं. २०१६ मध्ये एकाच वैद्यकीय नियतकालिकात याबद्दल दोन अभ्यास आले. स्वीडनच्या अभ्यासात फ्यूजन जोडल्याने जास्त फायदा दिसला नाही, अमेरिकेच्या अभ्यासात थोडा दिसला. म्हणून "माझा मणका खरोखर अस्थिर आहे का?" हा पहिला प्रश्न आहे, आणि स्क्रूचा प्रश्न त्यानंतरचा.

दोन मणके जोडल्यावर त्यांच्या शेजारच्या मणक्यांना जास्त हलावं लागतं, हेही लक्षात ठेवा. मानेच्या फ्यूजननंतरच्या एका प्रसिद्ध अभ्यासात दरवर्षी सुमारे २.९ टक्के रुग्णांना शेजारच्या जागी नवा त्रास सुरू झाला. त्यातला किती वयामुळे आणि किती फ्यूजनमुळे, यावर वाद आहे. पण गरजेपेक्षा एकही मणका जास्त जोडू नये, हे त्यातून आलेलं शहाणपण आहे.

शर्यत जिंकायला रुग्णाने काय करायचं?

पहिली गोष्ट तंबाखू. १९८६ च्या एका अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांपैकी ४० टक्के लोकांचं हाड जुळलं नाही. न करणाऱ्यांत हे प्रमाण ८ टक्के होतं. अभ्यास सिगारेटचा होता. पण निकोटिन मळलेल्या तंबाखूत, गुटख्यात आणि मिश्रीतही असतं, आणि ते रक्तवाहिन्या आकसवतं. "मी सिगारेट ओढत नाही, फक्त मिश्री लावते" हे म्हणून डॉक्टरांपासून लपवू नका.

दुसरी गोष्ट, सांगितल्याप्रमाणे चाला. चालण्याने हाडाला हवा तेवढा भार मिळतो आणि स्नायू जागे राहतात. कण्याच्या स्थिरतेत स्नायूंचा वाटा मोठा आहे. हाडं आणि अस्थिबंध, स्नायू, आणि स्नायूंना हुकूम देणारी मज्जासंस्था या तिन्ही मिळून कणा सांभाळतात, अशी मांडणी पंजाबी यांनी १९९२ मध्ये केली होती. स्क्रू यातल्या फक्त पहिल्याची जागा काही काळ भरून काढतात.

तिसरी गोष्ट, मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवा. ड जीवनसत्त्व आणि हाडांच्या औषधांबद्दल विचारा. काही वेदनाशामक गोळ्यांमुळे हाड जुळायला उशीर होऊ शकतो, म्हणून त्या मनाने घेऊ नका.

चौथी गोष्ट, बरं वाटतंय म्हणून तपासणी चुकवू नका. दुखणं थांबणं आणि हाड जुळणं एकाच दिवशी होत नाही. सुरुवातीचे महिने बरे गेले आणि मग दुखणं पुन्हा सुरू झालं, तर हाड जुळलं नसण्याची शक्यता तपासावी लागते. त्यासाठी एक्स-रे आणि गरज पडल्यास सीटी स्कॅन करतात. ताप, जखमेतून पाणी, पायातली ताकद कमी होणं, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं, यांपैकी काहीही झालं तर तातडीने डॉक्टर गाठा.

टायटॅनियमचे स्क्रू असले तरी एमआरआय सहसा करता येतो, फक्त धातूजवळचं चित्र थोडं अस्पष्ट येतं. कोणतं साहित्य बसवलं आहे ते लिहिलेला कागद मात्र जपून ठेवा.

ऑपरेशनआधी विचारण्यासारखे प्रश्न

माझ्या मणक्यात अस्थिरता आहे हे कोणत्या तपासणीवरून ठरलं? फक्त नस मोकळी करून भागेल का? किती मणके जोडणार, आणि तेवढेच का? माझ्या हाडांची घनता स्क्रू धरण्याइतकी आहे का? हाड कुठून घेणार? हाड जुळलं हे केव्हा आणि कसं तपासणार?

यात "कोणत्या कंपनीचे स्क्रू?" हा प्रश्न नाही. तोही जरूर विचारा, पण शेवटी. एक्स-रेमध्ये स्क्रू आणि रॉड ठळक पांढरे दिसतात, म्हणून सगळ्यांची नजर आधी तिकडे जाते. तुमचं ऑपरेशन किती वर्षं टिकेल, हे मात्र त्यांच्या मधल्या फिकट भागात हाड भरलंय की नाही, यावर ठरणार आहे. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा "स्क्रू नीट आहेत ना?" याच्या जोडीला "हाड कुठवर आलंय?" हेही विचारा.